पिंड ओळखावा, पण त्याचे गुलाम होऊ नये

तळोजे औद्योगिक वसाहतीत किंवा पनवेल परिसरातील गोदामांत कंत्राटी कामगारांची संघटना बांधणे हे कायम कामगारांची युनियन चालविण्याहून फार कठीण काम आहे. दारासभा होते, घोषणा घुमतात, पुढारी निघून जातात. दुसऱ्या दिवशी कंत्राटदार ज्याला कामावर घेत नाही तो मात्र तेथलाच कामगार असतो. म्हणून पुढाकार घेणाऱ्या प्रत्येकाने 'आपण माणसांना कसे बरोबर नेतो?' असे स्वतःला विचारले पाहिजे. ही आत्मचिंतनाची चैन नव्हे. त्यात दुसऱ्याच्या भाकरीचा प्रश्न गुंतलेला आहे.

नेतृत्वाच्या शैलीची चर्चा व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांत पुष्कळ होते. तेथे तिचा हेतू बहुधा मालकाचे उत्पादन वाढविण्याचा असतो. पण तेवढ्यामुळे हा विषय आपण त्याज्य मानण्याचे कारण नाही. 1956 साली स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीकडे पाहावे. आचार्य अत्रे यांची वाणी आणि लेखणी सभा पेटवीत असे. सरचिटणीस एस. एम. जोशी यांचा पिंड वेगळा, समजुतीने जोडणारा. समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन यांना एकत्र ठेवायचे, तर तो पिंडच उपयोगी होता. एस. एम. यांनी अत्र्यांची नक्कल केली असती, तर चळवळीचे दुहेरी नुकसान झाले असते.

दुसरे उदाहरण घरचेच आहे. जासईचे दि. बा. पाटील पेशाने वकील आणि पनवेलचे पाच वेळा आमदार. नवी मुंबईसाठी भूसंपादन सुरू झाले तेव्हा विधिमंडळाचे व्यासपीठ त्यांना परके नव्हते. पण मोबदल्याचा प्रश्न केवळ सभागृहात सुटत नाही हे ओळखून ते गावकऱ्यांसह रस्त्यावर उतरले. 16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी झालेल्या गोळीबारात उरण तालुक्यात पाच शेतकरी हुतात्मा झाले. पुढे मिळालेल्या साडेबारा टक्के विकसित भूखंडाच्या हक्कामागे ते बलिदान आहे. आपल्या पिंडाची मर्यादा ओळखून ती ओलांडणे म्हणजे काय, ते येथे दिसते.

मग आपला पिंड ओळखावा कसा? 1930 च्या दशकाच्या अखेरीस कुर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील आयोवा येथे लहान मुलांच्या गटांवर प्रयोग केले. हुकमी पुढाऱ्याच्या हाताखालचा गट पुढारी खोलीबाहेर जाताच ढेपाळे. विचारविनिमयाने चालणारा गट मात्र काम करीत राही. मुलांच्या खेळावरून कामगार चळवळीचे सिद्धान्त काढू नयेत हे खरे. तरी कसोटी म्हणून ही खूण मोलाची आहे. आपण आठ दिवस गावी गेलो तर शाखेची बैठक होते का? वर्गणी गोळा होते का? बैठकीत आपल्याविरुद्ध बोलण्यास कोणी धजतो का? या प्रश्नांची उत्तरे आपण स्वतः देऊ नयेत. ती सहकाऱ्यांना विचारावीत. आपल्याविषयी आपला अंदाज नेहमीच उदार असतो.

कोणी सभा जिंकतो, कोणी हजेरीपत्रके आणि पगाराच्या पावत्या जपतो, कोणी रुसलेल्या दोन गटांना एका चटईवर बसवितो. कारखान्यात श्रमविभागणी नफ्यासाठी असते. संघटनेत ती परस्परांच्या उणिवा भरून काढण्यासाठी असावी. पावत्या जपणारा भाषण करीत नाही म्हणून त्याला दुय्यम लेखणाऱ्या शाखेचा दावा न्यायालयात पुराव्याअभावी कोसळतो.

मात्र 'स्वभावाला औषध नाही' ही म्हण ढाल म्हणून वापरता येणार नाही. हुकूमशाही वृत्तीला स्वभाव म्हणून माफी मिळाली, की लोकशाही समाजवाद हा केवळ फलकावरचा शब्द उरतो. जो मालकाकडे सन्मानाची मागणी करतो, त्याने तो सन्मान प्रथम आपल्या बैठकीत द्यावा.