अंगठीची कथा आणि माळ्याचा मुलगा

गेल्या हिवाळ्यात आपल्या रविवारच्या बालवर्गातील पुस्तकांच्या कपाटावरून ज्येष्ठ मंडळींत थोडा वाद झाला. कोणा एका कुटुंबाने मुलांची वाचून झालेली इंग्रजी पुस्तके वर्गाला भेट दिली होती. त्यांत जे. आर. आर. टोल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीचे तिन्ही खंड होते. एका वडीलधाऱ्या बंधूंनी ते चाळून बाजूला काढले. राजे, जादूगार, पिढीजात तलवारी आणि रक्तावरून ठरणारे श्रेष्ठत्व, हे सारे मागे टाकून आपण येथवर आलो. तेच नातवंडांच्या हाती पुन्हा का द्यावे, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न रास्त होता आणि त्या वेळी मला त्याचे नीट उत्तर देता आले नाही. म्हणून खंड घरी आणले, दोन महिने रात्री बसून वाचले. त्या वाचनातून जे मत बनले ते या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहे.

आम्ही राहतो त्या बर्मिंगहॅम शहराशी या लेखकाचे जुने नाते आहे. १८९२ साली दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला हा मुलगा वडिलांच्या मृत्यूनंतर, १८९६ ते १९०० या काळात, सेअरहोलच्या पाणचक्कीजवळ आई व धाकट्या भावासह राहिला. ती चक्की आजही उभी आहे. कादंबरीतील शायर नावाच्या हिरव्यागार मुलखाचे मूळ तेथील शेतांत आहे, असे मानतात. बारा वर्षांचा असताना आईही गेली. पुढे १९१६ साली सोमच्या लढाईतील खंदक त्याने पाहिले आणि युद्ध संपेतो एक वगळता त्याचे सर्व जिवलग मित्र मृत्यू पावले होते. ऑक्सफर्डमध्ये प्राचीन इंग्रजी भाषेचे अध्यापन करीत असता त्याने हे प्रचंड पुस्तक लिहिले. ते १९५४-५५ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाले. २००१ ते २००३ या वर्षांत निघालेल्या चित्रपटांमुळे आपल्या घरोघरच्या मुलांना ही कथा ठाऊक आहेच.

या ग्रंथाची मोहिनी कशात आहे? इतर महाकाव्यांत नायक काहीतरी मिळविण्यास निघतो: राज्य, वधू, संपत्ती. येथे फ्रोडो नावाचा, मुलाएवढ्या उंचीचा एक हॉबिट निघतो तो हाती आलेली वस्तू नष्ट करण्यासाठी. ज्या अंगठीने सर्वांवर सत्ता गाजविता येते, ती जिथे घडली त्याच अग्निपर्वतात टाकायची. चांगल्या हेतूनेही ती वापरता येणार नाही, हे कथेतील शहाणी माणसे ओळखतात व ती नाकारतात. याहून थोर गोष्ट म्हणजे अखेरच्या क्षणी फ्रोडो हरतो. पर्वताच्या कड्यावर उभा राहून तो अंगठी आपली असल्याचे जाहीर करतो. जग वाचते ते गॉलम या दीनवाण्या, लोभाने पछाडलेल्या जीवामुळे. आणि गॉलम तेव्हा जिवंत असतो, कारण आधी एकाहून अधिक जणांनी हाती असूनही त्याचा वध केलेला नसतो. करुणेचे फळ इतक्या अनपेक्षित वाटेने देणारी कथा मी तरी दुसरी वाचलेली नाही. शिवाय विजयानंतरही फ्रोडोची जखम बरी होत नाही. युद्ध पाहिलेल्या माणसानेच हे लिहावे.

आता उणिवांकडे वळतो. माझ्या तेरा वर्षांच्या मुलीने पहिला खंड वाचण्यापूर्वीच, चित्रपट पाहताना, विचारले होते की हत्तींवर बसून येणारी सावळी माणसे वाईटांच्याच बाजूने का लढतात. पुस्तकातही पश्चिमेकडचे ते सज्जन आणि पूर्वेकडून व दक्षिणेकडून येणारे बहुतेक शत्रूचे साथी, अशीच मांडणी आहे. अॅरागॉर्न राजा होतो तो प्राचीन वंशाचा वारस म्हणून. त्याचे दीर्घायुष्य आणि रोग बरे करणारे हात हेही त्या रक्ताचेच लक्षण. गॉन्डॉरच्या प्रजेचा होकार राज्याभिषेकाच्या वेळी विचारला जातो खरा, पण दावा उभा असतो तो वंशावरच. आणि ऑर्क! ही संपूर्ण जातच दुष्ट. अंगुलिमालाला वाट बदलता आली. ऑर्काला ती मुभा नाही. त्याला मारताना नायकाच्या मनाला टोचणी लागत नाही, उलट मारलेल्यांची मोजणी करून दोन मित्र पैज लावतात.

जोतीरावांचे 'गुलामगिरी' वाचून वाढलेल्या वाचकाला येथे थांबावेच लागते. १८७३ सालच्या त्या पुस्तकाने आपल्याला असुरांच्या कथा उलट बाजूने वाचावयास शिकविले. बळीला राक्षस कोणी ठरविले, हा प्रश्न एकदा मनात रुजला की ऑर्कांबद्दलही तो उठतोच. गंमत अशी की टोल्किनलाही तो छळीत होता. दुसऱ्या खंडात शॅगरॅट आणि गॉर्बॅग हे दोन ऑर्क वरिष्ठांच्या जाचाबद्दल कुरकुर करतात आणि युद्ध संपल्यावर, जिथे मोठे साहेब नसतील अशा ठिकाणी चार विश्वासू साथीदारांसह निघून जाण्याची स्वप्ने पाहतात. लुटीची स्वप्ने आहेत ती, हे खरे. पण ज्याला वरिष्ठ नको आहे तो निव्वळ राक्षस कसा? लेखकाने त्यांना बोलू दिले आणि मग त्यांचे काय करावे हे त्याला सुचले नाही. आपली निर्मिती जन्मतःच उद्धारापलीकडची आहे, हे त्याच्या ख्रिस्ती श्रद्धेलाही मानवेना. हा पेच त्याने उत्तरायुष्यातील टिपणांत पुनःपुन्हा हाताळला, सुटला मात्र नाही.

लेखक वंशद्वेष्टा होता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९३८ साली एका जर्मन प्रकाशकाने त्याच्या आधीच्या पुस्तकाच्या भाषांतरापूर्वी, आपण आर्यवंशी आहात काय, अशी विचारणा केली. तेव्हा त्याने तयार केलेल्या उत्तराच्या मसुद्यात 'आर्य' हा शब्द भाषेचा आहे, हे ठणकावले आणि त्या गुणी ज्यू लोकांत आपले कोणी पूर्वज नाहीत याचा खेद व्यक्त केला. बाबासाहेबांनी १९४६ साली 'हू वेअर द शूद्राज?' या ग्रंथात आर्यवंशाचा सिद्धांत फेटाळला, हे आपण जाणतोच. मात्र माणसाची मते आणि त्याच्या कल्पनेचे वळण यांत अंतर राहू शकते. टोल्किनची कल्पना जुन्या वीरकाव्यांवर पोसलेली होती आणि त्या काव्यांत वंशावळीवाचून पान हलत नाही.

मला सर्वांत अधिक बोचले ते मात्र एक वाक्य. शत्रूच्या मॉर्डॉर देशात दक्षिणेकडे एका सरोवराकाठी गुलाम शेती करतात व त्या प्रचंड सैन्याचे पोट भरतात, असा ओझरता उल्लेख येतो. तिसऱ्या खंडात राजा त्यांना मुक्त करून ती जमीन त्यांच्याच नावे करून देतो. एका वाक्यात! हजार पानांच्या ग्रंथात त्या लोकांचा चेहरा नाही, नाव नाही, त्यांनी मुक्त झाल्यावर पहिला दिवस कसा घालविला हे नाही. माझ्या आजोबांनी आयुष्यभर दुसऱ्याची जमीन कसली. मला त्या सरोवराकाठी जाऊन बसावेसे वाटले.

असे असूनही पुस्तक कपाटात असावे, असे माझे मत झाले ते सॅम गॅमजीमुळे. सॅम हा फ्रोडोचा माळी, माळ्याचाच मुलगा. पहिल्याच प्रकरणात त्याचा म्हातारा बाप गुत्त्यात बसून सांगतो की धन्याने पोराला अक्षरओळख करून दिली आहे, त्यात वाईट हेतू नाही, पण त्यातून काही विपरीत न घडो. पोराला तो बजावतो की आपण कोबी-बटाट्यांत राहावे, थोरामोठ्यांच्या भानगडीत पडू नये. हे वाचताना माझ्या हातातील पुस्तक खाली आले. आपल्यापैकी किती घरांत हीच भीती याच शब्दांत बोलली गेली असेल! हाच सॅम मेलेल्या सावळ्या शत्रुसैनिकाकडे पाहून त्याचे नाव काय असेल, तो मनाने खरोखर वाईट होता की कोणाच्या खोट्या बोलण्याने वा धाकाने घरापासून इतक्या दूर आला, असा विचार करतो. संपूर्ण युद्धात हा विचार त्या माळ्याला सुचतो. आणि अखेरीस फ्रोडो जाताना, सर्व इतिहास ज्यात लिहिला आहे ती वही सॅमच्या स्वाधीन करतो. शेवटची पाने त्याने लिहावयाची असतात.

सॅम शेवटपर्यंत फ्रोडोला मालकच मानतो, ही उणीव उरतेच. पहिल्या महायुद्धात पाहिलेल्या साध्या सैनिकांची व अधिकाऱ्यांच्या सेवेतील शिपायांची छाया सॅममध्ये आहे आणि ते आपल्याहून श्रेष्ठ होते, असे टोल्किनने म्हटले होते. श्रेष्ठ मानले, पण बरोबरीने बसविले नाही. परिशिष्टात मात्र सॅम सात वेळा शायरचा महापौर म्हणून निवडून येतो. निवडून, वारसाने नव्हे.

त्या वडीलधाऱ्या बंधूंशी माझे यावर पुन्हा बोलणे झाले. त्यांचे मत पूर्ण बदलले नाही. पहिला खंड मात्र ते घरी घेऊन गेले आहेत. उरलेले दोन कपाटात 'गुलामगिरी'च्या शेजारी ठेवले आहेत. तिसऱ्या खंडात त्या सरोवराच्या वाक्यापाशी पेन्सिलीने एक बारीक खूण केली आहे, ती मुलांनी खोडू नये.