पानवलचा पूल : पुरस्काराआधीचे आणि नंतरचे

रत्नागिरीजवळ पानवल नदीच्या दरीवरून कोकण रेल्वेचा पूल जातो. लांबी ४२४ मीटर, उंची ६४ मीटर. तो कुतुबमिनारहून उंच असल्याचे मोठ्या हौसेने सांगितले जाते. मिनार सुमारे ७३ मीटरचा आहे, तेव्हा तो दावा सोडून द्यावा. पुलाचे खरे महत्त्व त्याच्या बांधणीत आहे.

इतक्या खोल दरीत तळापासून परांची उभारून वर काँक्रीट ओतणे जिकिरीचे होते. म्हणून पुलाचा पोकळ, पेटीसारखा गर्डर दरीच्या एका काठावर टप्प्याटप्प्याने ओतण्यात आला. एक टप्पा पक्का झाला की जॅक लावून सारा गर्डर खांबांच्या माथ्यावरून पुढे ढकलायचा आणि मोकळ्या झालेल्या जागी पुढचा टप्पा ओतायचा. भारतीय रेल्वेत हे तंत्र तेव्हा नवे होते. या कामाला अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या महाराष्ट्र शाखेचा पुरस्कार मिळाला, तो नव्वदच्या दशकाच्या मध्यात. संपूर्ण मार्गावरून प्रवासी गाडी धावू लागली ती २६ जानेवारी १९९८ रोजी.

हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. उद्योगक्षेत्रातील पुरस्कार बहुधा बांधकाम पुरे होताच दिले जातात. त्यांतून आराखड्याची कल्पकता कळते, कंपनीची कार्यक्षमता कळते. ती वास्तू पुढे कशी वागली, हे त्यांतून कळणे शक्यच नाही. तरीही पायाभूत सुविधांचा लोकप्रिय इतिहास पुष्कळदा या पुरस्कारांच्या यादीवरूनच लिहिला जातो. कोकण रेल्वेच्या बाबतीत तर हे फारच झाले आहे. १९९० साली स्थापन झालेले महामंडळ, ई. श्रीधरन यांचे नेतृत्व, रोहा ते ठोकूर सुमारे ७४० किलोमीटर, नव्वदहून अधिक बोगदे, इथे कथा संपते.

या कथेत पेडण्याचा बोगदा ओझरता येतो. लांबी अवघी दीड किलोमीटर. त्याहून चौपट लांबीचा करबुड्याचा बोगदा सह्याद्रीच्या कठीण खडकातून गेला. पेडण्याला मात्र पाण्याने भिजलेली मऊ माती होती. खणावे तो ती पुन्हा आत कोसळे. महागडी यंत्रे अशा मातीत कुचकामी ठरली आणि मजुरांना हाताने खणावे लागले. सारा मार्ग या एका तुकड्यासाठी खोळंबून राहिला. पारितोषिकाच्या छायाचित्रात शोभेल असे तिथे काहीच नव्हते. मार्गाच्या उभारणीत प्राण गमावलेल्यांचे ‘श्रमशक्ती’ स्मारक रत्नागिरी स्थानकात आहे. बहुतेक प्रवासी ते न पाहताच रिक्षा गाठतात.

आणि मग पाऊस. कोकणात डोंगर कापून रूळ टाकायचे म्हणजे दोन्ही बाजूंना उंच, उघडे पडलेले कडे निर्माण करायचे. त्यांत जांभा, माती आणि सुटे धोंडे असतात. पाणी मुरले की ते सैल होतात. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ अशाच कोसळलेल्या दरडीवर गाडी आदळली आणि पन्नासहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. वर्षही पुरते लोटले नव्हते, तोच १६ जून २००४ रोजी करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेस रुळावरच्या धोंड्यांना धडकून पुलावरून घसरली. सुमारे वीस जण दगावले.

पानवलचा पूल यात निर्दोष आहे, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. पण ज्या मार्गाचा तो भाग आहे, त्या मार्गाची खरी कसोटी पूल आणि बोगद्यांइतकीच त्यांच्यामधल्या कापलेल्या उतारांवर होती, आणि उतारांना कोणी पदक देत नाही. पुढे कड्यांचा उतार कमी करण्यात आला, लोखंडी जाळ्या बसवल्या गेल्या, दरड पडताच इशारा देणारी ‘रक्षा धागा’ ही यंत्रणा महामंडळानेच विकसित केली. ही कामे पानवलच्या तोडीची अभियांत्रिकी आहे, असे मानायला हवे. त्यांत नवलाई नाही एवढेच.

कोकण रेल्वेच्या इतिहासाचे सर्वांत प्रामाणिक साधन कदाचित तिचे पावसाळी वेळापत्रक आहे. दर जूनमध्ये गाड्यांचा वेग उतरवला जातो, प्रवासाचे तास वाढतात आणि गस्तीवरचे कर्मचारी रात्री कंदील घेऊन रुळांलगत चालू लागतात.