फुंकर

आमच्या घरी प्रभाकर कंदील आहे हे ऐकून हल्लीची मुले हसतात. हसोत बापडी! येरवड्यात वीज नाही म्हणून नव्हे, तर सासूबाईंनी लग्नात दिला म्हणून तो आमच्याकडे नांदतो. लक्ष्मीपूजनाला तासभर तेवायचे आणि वर्षभर माळ्यावर पडून राहायचे, एवढीच त्याची नोकरी. यंदा साफसफाईत तो खाली काढण्याचा मान मी घेतला, आणि काच फुटली.

सौभाग्यवती काहीच बोलल्या नाहीत. विवाहित वाचकांना या शिक्षेचे वजन कळेल.

ओगलेवाडीचा १९१६ सालचा कारखाना केव्हाच बंद पडला. बोहरी आळीतल्या काचा आमच्या कंदिलात बसेनात. ऐन लक्ष्मीपूजनाच्या सकाळी शेजाऱ्यांनी तुरुंगापलीकडच्या काचवाल्या मामांचे घर दाखवले.

मामांनी उभी हयात एका प्रयोगशाळेत चंबू आणि नळ्या घडवल्या. त्यांचे आजोबा तळेगावच्या पैसा फंड कारखान्यातले. अंताजी दामोदर काळ्यांनी गावोगाव हिंडून माणशी पैसा मागितला, त्या फंडातून १९०८ साली तो उभा राहिला. शिकवायला परदेशी काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय होते. मामा म्हणाले, "साहेब, लोकांच्या एकेका पैशाची विद्या आहे ही!" त्यांचा मुलगा मात्र खराडीत संगणकापुढे बसतो. तिथे बोटे भाजत नाहीत.

मामांनी गुलाबी झाकीचा चष्मा चढवला. तापल्या काचेतून पिवळी ज्योत उठते, तिने आतले काम दिसेनासे होते. हा चष्मा तेवढा पिवळा रंग गिळतो. जाड नळी त्यांनी ज्योतीत धरली आणि दोन्ही हातांनी फिरवू लागले. एक हात जरा मागे राहिला की नळी पिळवटते. थांबला तर काच मधासारखी ओघळते. मला वाटले होते, आता पहिलवानासारखे गाल फुगतील. कसले काय! तान्ह्याच्या दुधावर घालावी तेवढीच फुंकर, आणि नळीचे पोट हळूच गोल झाले.

"आता भट्टीत रात्रभर निवू द्या. उद्या न्या."

"मामा, पूजा आज आहे!"

बाहेरची काच आधी थिजते, आतली मागाहून आकसते आणि ती ओढ काचेतच अडकून राहते. मग जरा ऊब लागली की तडा. म्हणून आधी पाचशेसाठ अंशांच्या आसपास धरायचे, मग सावकाश उतरवायचे. एवढे समजावूनही मी ऐकेना. शेवटी त्यांनी निरुपायाने ती फडक्यात गुंडाळून दिली.

संध्याकाळी कंदील लागला. सौभाग्यवतींचा चेहराही उजळला. आरतीच्या मध्यावर आवाज झाला: टण्!

पाडव्याच्या पहाटे मी मान खाली घालून मामांच्या दारात उभा राहिलो. त्यांनी काही न विचारता भट्टीचे दार उघडले. आत दुसरी काच निवून तयार होती.

"काल तुमची पाठ वळताच घातली," मामा म्हणाले.

पैसे द्यायला गेलो, तर त्यांनी एकाच काचेचे घेतले. पहिली म्हणे त्यांच्या हातून घाईत गेली, ती त्यांच्या हिशेबी कच्ची.

त्या रात्री कंदील दोन तास जळला. सौभाग्यवतींनी तो स्वतः पुसला, फडक्यात बांधला आणि म्हणाल्या, "अहो, शिडी तेवढी धरा. माळ्यावर मीच चढते."