सवलत मालकाला, हक्क कुणाला?

अमेरिकेत ४ जुलै २०२५ रोजी ‘वन बिग ब्युटिफुल बिल’वर राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांची सही झाली आणि नोकरदार कुटुंबांना मोठा दिलासा मिळाल्याचा गाजावाजा झाला. समर्थक तीन गोष्टी पुढे करतात. मुलांच्या सांभाळासाठी पगारातून करमुक्त बाजूला ठेवायची वार्षिक मर्यादा २०२६पासून ५,००० डॉलरवरून ७,५०० झाली. पगारी कौटुंबिक रजा देणाऱ्या मालकाची करसवलत कायम झाली. मालकाने कर्मचाऱ्याचं शैक्षणिक कर्ज फेडलं, तर वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत कर न लावण्याची मुदतबंद सोयही कायमची झाली.

आकडे खरे आहेत. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र टिकत नाही.

५,०००ची मर्यादा १९८६ची. कोरोनाकाळातलं २०२१ साल सोडलं, तर ती जवळपास चाळीस वर्षं हलली नाही. नव्या आकड्यालाही महागाईची जोड नाही. तोही तिथेच गोठणार. शिवाय मालकाने योजना सुरू केली तरच ही सोय. आणि जिला प्राप्तिकर जेमतेमच लागतो, त्या दुकानातल्या कॅशियर बाईच्या पदरात त्यातून पडणार किती?

रजेची सवलत २०१७च्या कायद्यातलीच. रजेच्या पगारापैकी १२.५ ते २५ टक्के मालकाला करातून सुटतात, बाकीचा भार त्याच्यावरच. ज्याच्या मनात रजा द्यायची नाही, त्याला एवढ्याने पाझर फुटत नाही. खासगी नोकरीत संघीय कायद्याने हक्काची म्हणावी अशी रजा आजही १९९३चीच : बारा आठवडे, बिनपगारी, तीही पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे.

पगारी रजेची सक्ती केली तर छोटे धंदे बुडतील, असा आक्षेप येतो. कॅलिफोर्नियात २००४पासून पगारी कौटुंबिक रजा मिळते. तिचा पैसा कर्मचाऱ्यांच्या पगारातल्या छोट्या कपातीतून जमतो आणि राज्याच्या निधीतून दिला जातो. मालकाला रजेचा पगार द्यावा लागत नाही. न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कनेही पुढे असे कायदे केले.

देशभरासाठी हवा तो असाच निधी. त्यात भर कर्मचाऱ्याच्याच पैशाची पडते, हे कबूल; पण मग हक्कही त्याच्याच नावावर राहतो आणि नोकरी बदलली तरी सुटत नाही. नव्या कायद्याने मालकाच्या औदार्याला बक्षीस दिलं. बाळंतपण किंवा आईचं आजारपण मात्र मालक उदार आहे की नाही, हे बघून येत नाही.