नवं पॅकेज कशाला? आधी जुनं दत्तक घ्या!

इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षापर्यंत एक सल्ला प्रत्येकाच्या कानावर पडलेला असतो. ‘ओपन सोर्समध्ये काहीतरी कर, रेझ्युमेवर चांगलं दिसतं.’ मग कुणी छोटंसं टूल लिहितं आणि पुढचं स्वप्न पडतं, हे थेट लिनक्समध्ये गेलं पाहिजे. जगात कुणीही एक कमांड मारली की आपलं टूल त्याच्या मशीनवर! कल्पना भारीच. पण लिनक्सच्या दारातून आत जायचं म्हणजे नेमकं काय, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत या दारावर काय काय घडलं?

डेबियनचं उदाहरण घेऊ. १९९३ साली सुरू झालेलं हे डिस्ट्रिब्युशन जगभरचे स्वयंसेवक चालवतात. आपल्यापैकी अनेकांच्या लॅपटॉपवरचं उबुंटूही त्याच्याच पायावर उभं आहे. इथं नवं पॅकेज द्यायचं तर ‘मी हे करतोय’ अशी जाहीर नोंद आधी करावी लागते. मग पॅकेज कशावर अवलंबून आहे, बिल्ड कसं होतं, कुठल्या फाइलचं लायसन्स काय, हे सगळं ठरावीक साच्यात बसवायचं. तरीही नवख्याला अपलोडचा अधिकार नाहीच. डेबियनचा एखादा डेव्हलपर ते तपासून स्वतःच्या डिजिटल सहीनं पुढे पाठवतो. त्याला स्पॉन्सर म्हणतात. पैसे देणारा नव्हे बरं का, जामीन राहणारा!

त्यानंतर ‘न्यू’ नावाची रांग. तिथं मोजकी माणसं प्रामुख्यानं कॉपीराइट आणि लायसन्स डोळ्यांखालून घालतात. कधी काही दिवसांत नंबर लागतो, कधी महिने जातात. मग पॅकेज ‘अनस्टेबल’मध्ये येतं, गंभीर बग निघाला नाही तर ‘टेस्टिंग’मध्ये, आणि साधारण दोन वर्षांनी निघणाऱ्या ‘स्टेबल’ आवृत्तीत. दहा सेकंदांत रील टाकणाऱ्या आपल्याला हे तलाठी ऑफिससारखंच वाटणार!

पण दार सताड उघडं ठेवलं तर काय होतं, हे जुलै २०२५मध्ये दिसलं. आर्च लिनक्सच्या अधिकृत भांडाराशेजारी ‘एयूआर’ नावाचं भांडार आहे. तिथं खातं उघडून कुणीही पॅकेज टाकू शकतं. फायरफॉक्ससारख्या ब्राउझरची नावं वापरून तिथं तीन पॅकेजेस टाकली गेली. ती इन्स्टॉल केली की मशीनचा ताबा दुसऱ्याच्या हातात जाईल असं मालवेअर त्यांच्यातून येत होतं. दोनच दिवसांत ती काढली गेली, पण दार उघडंच होतं.

म्हणजे कडक दार असलं की विषय संपला? तसंही नाही. मार्च २०२४मधलं ‘एक्सझेड’ प्रकरण आठवा. फाइल कॉम्प्रेस करणारं हे जुनं, साधं टूल जवळपास प्रत्येक लिनक्सवर असतं आणि वर्षानुवर्षं ते मुख्यतः एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. २०२१च्या सुमारास ‘जिया टॅन’ या नावानं कुणीतरी मदतीला आलं. दुसरीकडे अनोळखी खात्यांवरून त्या थकलेल्या माणसामागे लकडा लागला, ‘जमत नसेल तर दुसऱ्याकडे द्या.’ हळूहळू किल्ल्या जिया टॅनकडे गेल्या आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरवाट घुसली. डेबियनच्या ‘अनस्टेबल’ आणि ‘टेस्टिंग’पर्यंत ती पोचलीही. अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनीअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय याचं कोडं पडलं, त्यानं खोदलं आणि बिंग फुटलं. ‘स्टेबल’ थोडक्यात वाचलं.

गोम अशी, की एक्सझेड हे नवं पॅकेज नव्हतंच. नव्यांसाठीच्या चाळणीशी त्याचा संबंधच आला नाही. घाव बसला तो घरातल्या, सगळ्यांनी गृहीत धरलेल्या जुन्या पॅकेजवर, कारण तिथं माणूस एकटा पडला होता.

म्हणून रेझ्युमेसाठी आणखी एक टू-डू ॲप पॅकेज करण्याआधी दुसरी यादी बघा. ज्यांना सांभाळणारं कुणी उरलं नाही, अशा पॅकेजेसना डेबियन चक्क ‘अनाथ’ म्हणतं आणि दत्तक घेण्याचं जाहीर आवाहन करतं. एखादं निवडा. बग पुन्हा घडवून दाखवा, दुरुस्ती सुचवा, डॉक्युमेंटेशन सुधारा. तुमच्या स्क्रीनवर मराठी नीट उमटवणारा लोहित देवनागरी फॉन्टसुद्धा डेबियनमध्ये एक पॅकेजच आहे. कुणीतरी सांभाळतंय म्हणून तो चालतो.

यावर कुणी म्हणेल, जिया टॅनही मदतीलाच आला होता की! बरोबर. पण त्याचं फावलं, कारण त्याचं काम बघायला दुसरी नजर नव्हती. डेबियन डेव्हलपर व्हायचं तर आधीच्या डेव्हलपरांनी तुमची ओळख पटवून तुमच्या डिजिटल किल्लीवर सही करावी लागते आणि त्यासाठी बहुधा समोरासमोर भेट होते. २०२३ची डेबियनची जागतिक परिषद आपल्याकडे, कोचीला भरली होती. अशा ठिकाणी ओळखी होतात, त्यातून भरवसा तयार होतो. त्याला वेळ लागतो, आणि तो लागायलाच हवा.

नवं पॅकेज देणं वाईट नाही. पण ते देताना एकच प्रश्न स्वतःला विचारा. डिग्री मिळाल्यावर, नोकरी लागल्यावर याचे बग कोण सोडवणार? उत्तर ‘मी’ असेल, तर खुशाल रांगेत उभे राहा.