नकाशातली गंमत : समोरासमोरची दोन गावं

मित्रांनो, घरात जालना जिल्ह्याचा नकाशा आहे का? असेल तर पसरा बघू जमिनीवर! १ मे १९८१ रोजी झालेला हा जिल्हा. अंबड, परतूर, मंठा ही नावं ठळक अक्षरांत सापडतील. आज आपल्याला बारीक अक्षरांतली गावं हवीत.

वर उत्तरेला भोकरदन शोधा. (हे जुनं भोगवर्धन. तिथल्या लोकांनी दिलेल्या दानाची नोंद सांचीच्या स्तूपावर कोरलेली आहे, बरं का!) तिथून केळणा नदीचं बोट धरून पूर्वेकडे चला. केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात आहे आसई.

२३ सप्टेंबर १८०३. या बेचक्यात शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांची फौज तोफा रोखून उभी होती. केळणेच्या अलीकडे इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली. त्याची फौज खूपच लहान, आणि समोरचा उतार तोफांच्या माऱ्यात. उतार म्हणजे नदी पायी ओलांडता येते ती उथळ जागा. दुसरा उतार आहे का? वाटाडे म्हणाले, नाही. खरंच ठाऊक नव्हता की सांगायचा नव्हता, कोण जाणे!

वेलस्लीनं दुर्बीण लावली. अलीकडच्या काठावर एक खेडं, पलीकडे अगदी समोर दुसरं. पिंपळगाव आणि वरूड. इतकी जवळची गावं, म्हणजे जाणंयेणं असणारच, असं त्यानं ताडलं. तुमच्या आजीनंही हेच सांगितलं असतं. समोरासमोरच्या गावांत लेकी दिल्याघेतलेल्या असतात, बाजारहाट असतो. नदी आडवी आली म्हणून कुणी थांबतं का?

माणूस पाठवून पाहिलं, तर उतार होता! खेडुतांची रोजची वाट, ती अशी शत्रूच्या कामी आली. मराठ्यांच्या फौजेनं तोंड फिरवून असा मारा केला, की इंग्रजांकडचे दीड हजारांहून अधिक सैनिक मेले किंवा जखमी झाले. त्यांत देशी शिपाई कितीतरी होते. पण लढाई मराठ्यांच्या हातून गेलीच. याच वेलस्लीनं पुढे १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. तरी आपली सर्वांत चांगली लढाई म्हणून तो आसईचं नाव घ्यायचा.

आता तुमच्या तालुक्याचा नकाशा घ्या. नदीच्या दोन काठांवर अशी जोडगावं दिसतात का? दिसली, तर पूल होण्याआधी लोक कुठून पलीकडे जायचे, ते आजी-आजोबांना विचारा. आणि आम्हाला पत्रानं कळवा हं!