तेलकट जॉब आणि लाल ठिपका

कूलंटवरच्या लेखानंतर ज्यांनी मला ‘जुन्या जमान्यातले’ ठरवलं, त्यांनी आज हे पान उलटावं. या आठवड्यात वाकडच्या एका हॉटेलात लेझर डिस्प्लेसमेंट सेन्सरचं प्रात्यक्षिक झालं. पडद्यावर ‘स्पर्शाविना मापन : नवे युग’. तरुण विक्रेत्याने डबीतून एक पांढरीशुभ्र सिरॅमिकची चकती काढली, तिच्यावर लाल ठिपका पाडला आणि आकडा दशांश मायक्रॉनपर्यंत ढिम्म उभा राहिला. टाळ्या. मी विचारलं, ग्राइंडिंगवरून आत्ता उतरलेल्या शाफ्टवर हेच दाखवता का? तर म्हणाला, ‘सर, जॉब आधी पुसून घ्यावा लागेल.’ पुसणार कोण, कशाने, आणि एका पाळीत किती वेळा, हे कुठल्याच स्लाइडवर नव्हतं.

बरं, त्याचं खोटं काहीच नव्हतं. लेझर सेन्सरच्या डेटाशीटच्या तळाला बारीक अक्षरांत बहुतेक वेळा लिहिलेलंच असतं की हे आकडे पांढऱ्या सिरॅमिकवर घेतले आहेत. पांढरं सिरॅमिक प्रकाश सगळीकडे सारखा विखुरतं आणि ट्रायँग्युलेशन चालतं ते त्या विखुरण्यावर. ठिपक्याचा विखुरलेला प्रकाश तिरक्या कोनातून भिंगात शिरतो, आतल्या डिटेक्टरच्या पट्टीवर पडतो. जॉब पुढेमागे झाला की पट्टीवरचा ठिपका सरकतो. ग्राइंडिंग केलेला शाफ्ट मात्र आरशासारखा वागतो. प्रकाश भलतीकडेच परततो. वर तेलाचा थर असला की तोही आपला वेगळा चमकारा पाठवतो. सेन्सर बिचारा दोन्हींची सरासरी काढून देतो, पडद्यावरचा आकडा नाचतो, आणि ठपका ऑपरेटरवर.

‘नवे युग’ म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की पिंपरी-चिंचवडच्या मशिन शॉपमध्ये एअर गेज पिढ्यान् पिढ्या उभं आहे. हे तंत्र दोन महायुद्धांच्या मधल्या काळात फ्रान्सच्या सोलेक्स कंपनीने पुढे आणलं, तेही कार्ब्युरेटरच्या जेटची बारीक भोकं मोजता मोजता. त्यात प्रकाश नाही, लेन्स नाही. ठरलेल्या दाबाची हवा बारीक नोझलमधून बाहेर पडते. समोरचा पृष्ठभाग जवळ आला की हवेला वाट कमी मिळते आणि मागे दाब वाढतो. तो दाब म्हणजेच अंतर. नोझल थोडं आत बसवलेलं असतं, त्यामुळे त्याचं तोंड जॉबला लागत नाही. भोक असेल तर प्लग, शाफ्ट असेल तर रिंग. पाळी सुरू होताना मोठ्या आणि लहान मास्टरवर सेट करायचं आणि कामाला लागायचं. खरी गंमत पुढे आहे. मोजणारी हवाच तेल आणि बारीक चिप बाजूला उडवते. लेझरला ज्या घाणीची ॲलर्जी, ती एअर गेज मोजता मोजता साफ करतं. आमच्या शॉपसाठी याहून शहाणं उपकरण शोधून दाखवा.

त्याचे दोषही सांगतो, नाहीतर पत्रं येतील. आवाका जेमतेम काही दशक मायक्रॉनचा. प्रत्येक मापाला वेगळा प्लग, म्हणजे कपाटभर प्लग. कास्टिंग सच्छिद्र असेल तर आकड्यावर विसंबू नये. कॉम्प्रेसरची हवा कोरडी हवी, आणि ती फुकट येत नाही. विजेचं बिल भरणाऱ्याला विचारा. पण ‘एअर गेज डेटा देत नाही’ हे कारण आता चालणार नाही. हवेचा दाब विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे कन्व्हर्टर कधीचे बाजारात आहेत. ज्यांना डॅशबोर्ड हवा, त्यांना तोही मिळतो.

प्रात्यक्षिकाच्या संध्याकाळी भोसरीतल्या एका मालकांचा फोन आला. गेल्या वर्षी माझं न ऐकता त्यांनी फायनल इन्स्पेक्शनला लेझर बसवला होता. आता तिथे पुन्हा एअर रिंग आली आहे. ‘साहेब, तुम्ही म्हणाला होतात,’ असं ते म्हणाले. हे वाक्य ऐकायला मी लेखापुरतं मानधनही सोडलं असतं.

तेलाला न घाबरणारा दुसरा गडी म्हणजे एडी करंट सेन्सर. कॉइलमधून उच्च वारंवारतेचा प्रवाह जातो, समोरच्या धातूत भोवरे उठतात, आणि अंतर बदललं की कॉइलचा इम्पीडन्स बदलतो. मध्ये तेल असो, पाणी असो, त्याला सोयरसुतक नाही. स्टीम टर्बाइनचा शाफ्ट बेअरिंगमध्ये तेलाच्या थरावर तरंगत फिरतो. मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या त्या शाफ्टला स्पर्श करून मोजायची सोय नाही. तिथे ८ मिमीचे प्रोब डोळ्यांत तेल घालून बसलेले असतात, आणि इथे तेल खरोखरचं असतं. दर मिलिमीटरला ७.८७ व्होल्ट, हा त्यांचा ठरलेला हिशेब. पण तो ४१४० जातीच्या पोलादावरचा, म्हणजे आपल्या शॉपमधल्या ईएन-१९ च्या भावकीतला. समोर ॲल्युमिनियम आलं की कॅलिब्रेशन नव्याने. रबर आलं तर तो आंधळा.

तेव्हा लेझर कुचकामी आहे, असं मी म्हणत नाही. मुंढव्यातल्या फोर्जिंगसारख्या कामात हजार अंशांच्या वर तापलेल्या लालबुंद तुकड्याजवळ दुसरं काय न्याल? तिथे निळा लेझर घेतात, कारण तापलेलं लोखंड स्वतःच लाल प्रकाश ओकत असतं. टायरचा आकार, रोबोटच्या वेल्डिंगची शिवण, ही लेझरची कामं.

माझा राग उपकरणावर नाही, ते निवडणाऱ्या खोलीवर आहे. त्या खोलीत एसी असतो, कॉफी असते आणि सेटर नसतो. उंटावरून शेळ्या हाकायच्या या सवयीवर मी अनेकदा लिहिलं, तरी माझा संशय जात नाही की चाकण चौकातल्या कोंडीत अडकलेले निम्मे मॅनेजर गाडीत बसल्या बसल्याच ऑर्डरी देतात. गेज आर अँड आर, म्हणजे गेज आणि ऑपरेटर यांच्यामुळे मापात किती फरक पडतो याचा अभ्यास करा, असं म्हटलं की रिपोर्ट हजर: १० टक्क्यांच्या आत, उत्तम. ३० च्या वर गेला की गेज नाकारायचं, हे सगळ्यांना पाठ. पण त्या अभ्यासातले जॉब कोणी निवडले? विक्रेत्याच्या माणसाने, फडक्याने पुसून. हाच अभ्यास शुक्रवारी पहिल्या पाळीत करा. गुरुवारच्या सुट्टीनंतर मशिन थंड असताना, पाळीच्याच ऑपरेटरकडून, ट्रेमधून जसे येतील तसे जॉब घेऊन. आणि दशांश मायक्रॉनची फुशारकी मारण्याआधी एक हिशेब मांडा: १०० मिमीचा पोलादी जॉब १० अंशांनी तापला की ११-१२ मायक्रॉन वाढतो. मापनाचं प्रमाण तापमान २० अंश. मे महिन्यात भोसरीच्या पत्र्याच्या शेडमध्ये २० अंश सापडतात ते फक्त पाण्याच्या जारमध्ये.

शिवाय स्पर्श म्हणजे मागासपणा, हे कुणी ठरवलं? १९७२ मध्ये डेव्हिड मॅकमर्ट्री यांनी काँकॉर्ड विमानाच्या ऑलिम्पस इंजिनांच्या नळ्या मोजायला टच ट्रिगर प्रोब बनवला. माणकाची गोळी जॉबला हलकेच टेकते, सिग्नल जातो, संपलं. त्यातून उभी राहिलेली रेनिशॉ कंपनी पुण्यातही आहे, आणि तो टेकणारा प्रोब जगभरच्या सीएमएम या मोजमापाच्या मशिनवर अजून पोट भरतो आहे.

मग छोट्या कारखानदाराने घ्यावं काय, असं एका वाचकाने विचारलं आहे. तेलकट पोलाद आणि मिलिमीटर-दोन मिलिमीटरचं अंतर असेल तर एडी करंट. एकच माप, मोठा लॉट असेल तर एअर गेज. तापलेलं, मऊ किंवा हात लावता न येणारं काही असेल तर खुशाल लेझर. फक्त त्याच्या काचेवर हवेचा झोत मारणारी जोडणी पहिल्या कोटेशनमध्येच लिहून घ्या. नंतर मागितली की ती ‘ॲक्सेसरी’ होते आणि तिचं बिल वेगळं येतं.